बीएसएची सुट्टी बाटली घेऊ नका, माझं काय झालं ते वाचा

ब्रॅडफर्ड (रंगावरनं प्रोटीन मोजायची टेस्ट) करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितीय, खास करून कोल्हापुरात ज्यांना ग्रँट यायच्या आधी स्वतःच्या खिशातनं केमिकल घ्यावं लागतं त्यांच्यासाठी. मार्चमध्ये आमची बीएसए (ह्या टेस्टला माप म्हणून वापरतात ते गायीच्या रक्तातलं प्रोटीन) संपली, ऑर्डर टाकली तर पंधरा दिवस, म्हणून शहरातल्याच एकाकडनं तेच लेबल असलेली ५ ग्रॅमची बाटली घेतली, हजारभर रुपये स्वस्त. कच्चं बिल, झाकणाला सील नाही, लॉट नंबर खोडलेला. "मॅडम, मोठ्या पॅकमधनं भरून दिलंय, माल एक नंबर." मी विश्वास ठेवला.

माझं काम पंचगंगेतल्या माशांच्या लिव्हरवर. लिव्हर एवढुसं असतं की होमोजिनेट (लिव्हर वाटून केलेलं द्रावण) मिळतं १०० मायक्रोलिटर, त्यातलं ५ प्लेटमध्ये, वर २५० रिएजंट, ५९५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग. कंट्रोल (तुलनेसाठीचे) मासे जुन्या बाटलीवर मोजलेले आणि नदीतले नव्या. नव्या बीएसएच्या स्टँडर्ड ग्राफची (ज्यावरनं सॅम्पलचं प्रोटीन काढतात) रेघ एकदम सरळ आली, आणि नदीतल्या माशांत कॅटालेज हे एन्झाइम दर मिलिग्रॅम प्रोटीनमागं निम्म्यावर! मला वाटलं प्रदूषणाचा परिणाम सापडला, आनंदानं रात्रभर झोप नाही.

सरांनी जुना ग्राफ शेजारी ठेवला. बीएसएच्या १ मिलिग्रॅम पर एमएलला रीडिंग आधी ०.७१ यायचं, आता ०.३८. मी म्हटलं रिएजंट जुना झाला असंल. ते म्हणाले, आधी रिएजंट न घालता २८० नॅनोमीटरला बघ. १ मिलिग्रॅम पर एमएल बीएसए १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.६६ च्या आसपास यायलाच पाहिजे, माझं आलं ०.३२. हे पाच मिनिटांचं काम आहे हो, नवी बाटली उघडली की पहिलं हेच करा. मग पावडर नीट बघितली. खरी बीएसए हलकी, पाण्यावर तरंगत हळूहळू विरघळते, ह्यातली निम्मी टाकल्या टाकल्या तळाला. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले तर दह्यागत पांढरं फुटलं. मीठ मिसळलेलं! स्टँडर्डच निम्मं, म्हणून सॅम्पलमधलं प्रोटीन दुप्पट दिसलं आणि एन्झाइम निम्मं. फरक माशांत नव्हता, बाटलीत होता.

बाटली विकणाऱ्याला फोन केला तर "वरनंच तसा माल आला" म्हणाला, दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. पक्कं बिल नाही म्हणून तक्रार कशाच्या जोरावर करायची. पैशाचं जाऊ दे, पण १४ माशांचं लिव्हर संपलं, एक थेंब उरला नाही, आणि आता नदीला पाणी चढलंय, पुढचं सॅम्पलिंग पावसाळा उतरल्यावरच.