केमिकल इंजिनिअरिंग की बीएस्सी केमिस्ट्री?

भाच्याला बारावीत केमिस्ट्री आवडली, आता दोन्हीकडे मन ओढतंय. त्याला आधी सांगितलं, केमिकल इंजिनिअर म्हणजे जास्त शिकलेला केमिस्ट नव्हे.

केमिस्ट १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये रसायन बनवतो. तापलं की बर्फात धरतो. तीच क्रिया ५,००० लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये करायची तर गोची होते. आकारमान वाढतं त्या मानाने पृष्ठभाग वाढत नाही, उष्णता आत कोंडते. त्याच्या भोवतीच्या जॅकेटमधून (थंड करणाऱ्या बाहेरच्या आवरणातून) पाणी किती फिरवायचं, पंप केवढा, ऊर्ध्वपातनाचा मनोरा किती उंच, हे ठरवायला इंजिनिअर शिकतो. म्हणून त्या चार वर्षांत गणित भरपूर आणि केमिस्ट्री अपेक्षेपेक्षा कमी. इथेच बरीच मुलं हिरमुसतात.

खर्चात बीएस्सी स्वस्त, तीन वर्षांची. पण संशोधनात जायचं तर एमएस्सी धरूनच चाला. इंजिनिअरिंगची फी खासगी कॉलेजात जड जाते.

तारापूर असो की लोटे, अशा रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत रात्रपाळी दोघांच्याही वाट्याला येऊ शकते.

नवा रेणू घडवायची हौस असेल तर केमिस्ट्री घ्यावी. पंप, पाइप आणि आकडेमोडीत रमत असाल तर इंजिनिअरिंग. भाचा सायकलचा पंप उघडून बसतो, त्यामुळे माझं मत इंजिनिअरिंगला.