माझंच विंडोज मला पुन्हा विकलं, तेही बनावट

लॅपटॉप उलटा करून दुरुस्तीवाल्याने मला खालची बाजू दाखवली. "बघा ताई, कुठे स्टिकर आहे? नाही ना? म्हणजे तुमच्याकडे ओरिजिनल विंडोज नाही. नवीन घ्यावं लागेल." स्टिकर खरंच नव्हतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि फसले.

मी नाशिकला इंदिरानगरात राहते आणि घरूनच हिशेबाची कामं करते. किराणा दुकानं, दोन मेडिकल, सातपूर एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप, पिंपळगावचे दोन द्राक्ष बागायतदार, असे मिळून चौदा जण. त्यांचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी, आयकर माझ्याकडे. ९ जुलै २०२४ ला सकाळी लॅपटॉप सुरूच होईना. निळा पडदा यायचा, दुरुस्ती चालू आहे असं दिसायचं, बंद पडायचा आणि पुन्हा तेच. ११ तारखेला जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या मासिक रिटर्नची, मुदत संपणार होती. ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला तिथे विचारलं तर कंपनीचा माणूस यायला चार-पाच दिवस लागतील म्हणाले. म्हणून एमजी रोडच्या एका गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही.

त्याने हिशेब सांगितला: ओरिजिनल विंडोज ३,५०० रुपये, ऑफिस २,०००, मजुरी ५००. "बिल पाहिजे असेल तर वर अठरा टक्के लागतील, ७,०८० होतील. तुम्हीच बघा." दिवसभर दुसऱ्यांना बिलं सांभाळायला सांगणारी मी बिल न घेता निघाले. याचं मला अजून वाईट वाटतं. ६,००० रुपये यूपीआयने दिले. फार आग्रह केला तेव्हा त्याने एका चिठ्ठीवर 'विंडोज ओरिजिनल, ऑफिस, लाइफटाइम' असं लिहून दिलं. लॅपटॉपचा पासवर्डही मी कागदावर लिहून त्याच्याकडे ठेवला. डेटा काढून ठेवतो म्हणाला, आणि तो त्याने खरंच काढला. पण कुठे काढला, कोणत्या हार्डडिस्कवर, आणि नंतर ती पुसली का, हे मी विचारलंच नाही. चौदा घरांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, पोर्टलचे पासवर्ड एका अनोळखी माणसाच्या डिस्कवर रात्रभर होते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मिळाला, रिटर्न वेळेत गेली. टॅली मात्र उघडेना. लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करायचं, म्हणजे त्या संगणकावरून सोडवून घ्यायचं असतं. तसं न केल्यामुळे ते जुन्या विंडोजवर चालू असल्याचंच दाखवत होतं. माझ्या खात्यातून ते रिसेट केल्यावर सुटलं. अर्धा दिवस गेला, पण टॅलीने दुसऱ्यांदा पैसे मागितले नाहीत. लायसन्स माझं होतं, ते माझंच राहिलं. विंडोजचंही असंच असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

सहा महिने काही जाणवलं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं दिसायला लागली, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा. दुकानात फोन केला. "अपडेटमुळे झालं असेल. घेऊन या, हजार रुपयांत करून देतो." लाइफटाइमचं काय झालं, विचारलं, तर फोन ठेवला.

संक्रांतीला माझा भाचा सिन्नरहून आला. इंजिनिअरिंगला आहे. त्याने सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही. मी घरी बसून काम करणारी बाई, माझी कुठली संस्था?

"मावशी, हे कंपन्यांना देतात ते विंडोज आहे," तो म्हणाला. मोठ्या ऑफिसांत शेकडो संगणक असतात, त्यांना एक-एक की (परवान्याचा कोड) न देता ऑफिसचाच एक सर्व्हर परवानगी देत राहतो. ती परवानगी १८० दिवसांची असते आणि तोवर सर्व्हरशी संपर्क झाला की पुढे वाढते. चोरीचं विंडोज टाकणारे असाच एक खोटा सर्व्हर वापरतात. १० जुलैपासून १८० दिवस मोजले तर ६ जानेवारी येते. लाइफटाइम म्हणजे एवढंच होतं.

आणखी एक गोष्ट त्याला लगेच दिसली. पडद्यावर विंडोज ११ प्रो, म्हणजे धंद्यासाठीचा प्रकार होता; घरगुती प्रकाराला होम म्हणतात. मी २०२२ मध्ये घेतलेल्या लॅपटॉपचं बिल शोधून काढलं, त्यावर स्पष्ट छापलं होतं: विंडोज ११ होम आणि ऑफिस २०२१. म्हणजे ५४,००० रुपयांत या दोन्हींचे पैसे मी आधीच भरले होते.

स्टिकरची गोष्ट नीट समजून घ्या, कारण फसवणूक तिथेच झाली. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाखाली पंचवीस अक्षरांची की छापलेलं स्टिकर असायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या ती की मदरबोर्डवरच्या (लॅपटॉपच्या आतल्या मुख्य पट्टीवरच्या) चिपमध्येच घालून देतात. हार्डडिस्क पुसली, बदलली, तरी ती की जात नाही. त्याच प्रकारचं, म्हणजे होमच्या जागी होम, विंडोज पुन्हा टाकलं की इन्स्टॉल होताना ते ती की आपणहून वाचतं आणि इंटरनेट लागलं की अ‍ॅक्टिव्हेट होतं. प्रो टाकलं तर होमची की त्याला चालत नाही. दुकानदाराने होम टाकलं असतं तर त्याला माझ्याकडून ३,५०० रुपये मागायला कारणच उरलं नसतं. हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही, रोज तेच काम करतो तो.

विंडोजची मालकी मायक्रोसॉफ्टचीच राहते, आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या यंत्राला बांधलेला असतो. लॅपटॉप विकला तर तो नव्या मालकाकडे जातो, दुसऱ्या लॅपटॉपवर नेता येत नाही. मदरबोर्ड बदलायची वेळ आली तर मात्र कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला विचारा, कारण ती की त्याच्यावरच असते. पण यंत्र तेच असेल तर विंडोज दहा वेळा टाकलं तरी परवान्याचे पैसे पुन्हा लागत नाहीत. दुकानदाराने मजुरी घ्यावी, ते त्याच्या कष्टाचे पैसे आहेत. ५०० काय, ८०० मागितले असते तरी मी दिले असते.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती अँटिव्हायरसचं पान बघून. चोरीचं अ‍ॅक्टिव्हेशन चालावं म्हणून डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसला, एक अख्खं फोल्डर तपासू नकोस असं सांगून ठेवलं होतं. त्या फोल्डरमध्ये आणखी काय शिरलं असेल ते कोण सांगणार? त्या रात्री मी फोनवरून चौदाही जणांचे जीएसटी आणि आयकर पोर्टलचे पासवर्ड बदलले, आणि सकाळी एकेकाला फोन करून का बदलले तेही सांगितलं. वर्कशॉपवाले काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी बँकेचाही पासवर्ड बदलायला घेतला.

मग आम्ही स्वतःच विंडोज टाकलं. आधी टॅली सरेंडर केलं आणि डेटा बाहेर काढला. शेजारच्यांच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेतलं, ते फुकट आहे, आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. इन्स्टॉल करताना त्याने की मागितली नाही, होम की प्रो तेही विचारलं नाही. वायफाय जोडल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचं आलं. ऑफिससुद्धा सापडलं. २०२२ मध्ये ज्या ईमेलने ते सुरू केलं होतं त्याने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरले, तर ते माझ्या नावावर तिथेच होतं. म्हणजे ते २,००० रुपयेही फुकट गेले होते.

तुमच्या लॅपटॉपवर कुणी विंडोज टाकून दिलं असेल तर आजच बघा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एसएलएमजीआर, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्सपीआर (slmgr /xpr) लिहून एंटर करा. कायमचं अ‍ॅक्टिव्हेट आहे असं यायला हवं. घरच्या लॅपटॉपवर तिथे मुदतीची तारीख दिसली तर शंका घ्या. काही लबाड्या यातूनही सुटतात, म्हणून बिलावर होम आणि पडद्यावर प्रो असं तर नाही ना, तेही ताडून बघा.

आणि कळल्यावर ती प्रत वापरत राहू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ६३ ब हे कलम बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी आहे: कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं, पण माझा तर धंदाच त्यावर चालतो. जानेवारीपर्यंत मला माहीत नव्हतं. त्यानंतर माहीत नव्हतं असं म्हणता आलं नसतं.

चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद घेऊन मी दुकानात गेले. "सगळीकडे असंच टाकतात ताई," एवढंच उत्तर मिळालं. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. काही दिवसांनी त्याचा फोन आला आणि ४,००० रुपये परत मिळाले. उरलेल्या २,००० साठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी करते आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बिल असतं तर काम सोपं झालं असतं, पण चिठ्ठीवरचं अक्षर त्याचं आहे आणि पैसे त्याच्याच खात्यावर गेले आहेत.

परवा पिंपळगावला हिशेबाचे कागद आणायला गेले होते. बागायतदारांच्या मुलीने तिचा कॉलेजचा लॅपटॉप पुढे केला. कोपऱ्यात तीच फिकट अक्षरं होती. "ताई, हे घालवायचे दीड हजार सांगितलेत, देऊ का?" मी तिला आधी लॅपटॉपचं बिल शोधायला सांगितलं, आणि माझ्या पिशवीतला पेनड्राइव्ह बाहेर काढला.