‘द्वेष’ शब्दशः घ्यायचा की संदर्भाने?

सोलापुरात आमच्या घरी रविवारी संध्याकाळी चारपाच घरं मिळून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतो. परवा लूकच्या पुस्तकातलं 14:26 हे वचन आलं: आईबापांचा द्वेष केल्याशिवाय येशूचा शिष्य होता येत नाही. शेजारची मुलगी पानावर बोट ठेवून थांबली. तिची आई दिवसभर चादरीच्या कारखान्यात उभी असते. म्हणाली, “मावशी, मग मी आईचा राग करायचा?”

एक मार्ग शब्दशः वाचण्याचा. लिहिलंय तसं घ्या, फाटे फोडू नका. त्यात निष्ठा आहे, ती मला मोलाची वाटते. पण त्याच येशूने मार्क 7 मध्ये, देवाला अर्पण केल्याचं कारण सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना फटकारलंय. त्याचं काय करायचं?

दुसरा मार्ग, वचनाशेजारी वचन ठेवण्याचा. मत्तय 10:37 मध्ये हीच शिकवण ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ अशा शब्दांत येते. उत्पत्ती 29 मध्ये याकोबाचं दोन बायकांपैकी राहेलवर लेआपेक्षा जास्त प्रेम होतं आणि पुढच्याच ओळीत लेआसाठी मूळ हिब्रूत ‘द्वेष केलेली’ असा शब्द आहे. आपल्याकडे आवडती-नावडती राणी म्हणतात ना, अगदी तसं. म्हणजे इथे प्रश्न पहिल्या जागेचा आहे, वैराचा नाही.

मी दुसऱ्या मार्गाची. मात्र या वाटेने वचन फार मऊ करून टाकायचा धोकाही असतो. म्हणून मुलीला मी ती ओळ पुन्हा, ‘द्वेष’ न गाळता, मोठ्याने वाचायला लावली.