अॅक्रिलिक लोकर: बाळाच्या स्वेटरसाठी उत्तम, चुलीजवळ नको

विणकाम करणाऱ्यांत एक पंथ असा आहे की मेरिनोशिवाय (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) सुईला हात लावू नये. जळगावच्या फुले मार्केटात मिळणाऱ्या अॅक्रिलिकच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या, गुंड्यांना तो ‘प्लास्टिक’ म्हणून हिणवतो. हे मला साफ अमान्य आहे. तान्ह्याचा स्वेटर रोज धुवावा लागतो. साधी मेरिनो गरम पाण्यात चोळली, की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, वीण आटून जाड नमदा होतो आणि तो परत सुटत नाही. अॅक्रिलिकला ही भीती नाही, कसरही लागत नाही.

डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीचा धागा, ४ मिमी सुया, १० सेंमीत साधारण २२ टाके. आधी १५ सेंमीचा नमुना विणा, धुवा, वाळवा, मग मोजा. स्वेटर, टोपडं, मोजे मिळून १५० ग्रॅम धरा आणि सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग उन्हात लगेच वेगळा दिसतो.

दोषही आहेत. काखेपाशी धाग्याचे गोळे येतात, घाम शोषला जात नाही. थेट इस्त्री फिरवली तर वीण कायमची लुळी पडते. वाफ वरूनच द्या. आणि हा धागा आगीत वितळून कातडीला चिकटतो, म्हणून धुळ्याच्या थंडीत शेकोटीजवळ बसणाऱ्यासाठी खरी लोकरच घ्या. खानदेशातल्या मार्च-एप्रिलसाठी मात्र दोन्ही नकोत, सुती धागा बरा. तो ताणून लोंबतो, तेव्हा सुई अर्धा मिमी बारीक घ्या.