नोटरींनी एकत्र यायचं ते बार असोसिएशनमध्ये की स्वतंत्र संघटनेत?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मे महिना आणि गणपती म्हणजे नोटरीच्या टेबलाला गर्दी. चाकरमानी गावी आले की सामायिक सातबाऱ्यांची संमतीपत्रं, कुलमुखत्यारपत्रं बाहेर पडतात. प्रत्येक सहहिस्सेदाराची ओळख तपासा, अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवा, रजिस्टरला नोंद घ्या. तेवढ्यात कागद आणणारा एजंट शेजारचं टेबल दाखवून भाव पाडतो, आणि तिथे माणूस न बघताच शिक्का बसतो. एकत्र यायलाच हवं, यात मला शंका नाही.

आपसात तोंडी दर बांधून घेणं सगळ्यात सोपं, पण ते करू नका. नोटरी नियम, १९५६ मधला दहावा नियम कमाल फी सांगतो, किमान नाही. त्यामुळे ‘अमुक रुपयांखाली कुणी सही करायची नाही’ हा ठराव स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये, म्हणजे स्पर्धा मारणाऱ्या करारांच्या मनाईत, अडकू शकतो.

बार असोसिएशनचा, म्हणजे वकिलांच्या संघटनेचा, फायदा उघड आहे. आपण सगळे वकीलच, खोली तयार, पदाधिकारी ओळखीचे. पण आपल्याकडे प्रतिज्ञापत्रं आणणारे बरेचसे वकीलच असतात. फी वाढली तर त्यांच्या पक्षकाराचा खर्च वाढतो. मग आपला विषय सभेत शेवटी येतो आणि वेळेअभावी राहतो.

स्वतंत्र जिल्हा संघटनेला किमान सात सभासद, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज. रत्नागिरीच्या एका टोकाच्या मंडणगडचा माणूस दुसऱ्या टोकाच्या राजापूरच्या माणसाबरोबर बैठकीला बसवणं हेही कामच. तरीही माझा कौल हिलाच. नोटरी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे फीचे नियम केंद्र सरकार करतं; तालुक्यात कितीही बैठका घेतल्या तरी दर हलत नाही. विधी मंत्रालयाकडे निवेदन द्यायला आणि त्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायला फक्त नोटरींचीच संस्था लागते.

तुमच्या तालुक्यात दोन-तीनच नोटरी असतील तर बारमध्ये उपसमिती करून सुरुवात करा, पण जिल्ह्याचं सभासदत्व घ्याच. दिल्लीची वाट बघताना करण्यासारखं बरंच आहे. दरपत्रक आत-बाहेर लावा, पावती द्या. अंथरुणाला खिळलेल्या आजींची सही घ्यायला वाडीवर गेलात तर नियमाप्रमाणे प्रवासखर्च वेगळा मागा. अनेकजण संकोचाने तो सोडतात. आणि समोर माणूस नसेल तर शिक्का नाही, एवढा एक ठराव पहिल्याच सभेत करून घ्या. त्याला कुठलाच कायदा आड येत नाही.