डोळ्याखालची सूज आणि चिंगीची दाढ

चिंगी आमची नऊ वर्षांची गावठी कुत्री. रविवारी मटण आणलं की बाबा तिच्यासाठी खाटकाकडून नळी मागून आणायचे. तिचा तो सगळ्यात लाडका खाऊ.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. घराजवळच्या डॉक्टरांनी किडा चावला असेल म्हणून अँटिबायोटिक दिलं. पाच दिवसांत सूज उतरली, तीन आठवड्यांनी परत आली, आणि या वेळी फुटून पू आला. पुन्हा तेच औषध. तिसऱ्यांदा सूज दिसली तेव्हा मी तळेगावहून तिला घेऊन पुण्यात या प्राण्यांच्या दवाखान्यात आले.

इथल्या डॉक्टरांनी डोळ्याकडे बघायच्या आधी तिचा ओठ वर केला. वरची चौथी उपदाढ, म्हणजे मांस कापायची ती मोठी दाढ, तिचा बाहेरचा कपचाच उडालेला होता आणि मधोमध एक काळा ठिपका. "ताई, दुखणं डोळ्याचं नाही, दाताचं आहे." या दाढेला तीन मुळं असतात आणि त्यांची टोकं डोळ्याच्या जरा खाली येतात, म्हणून पू तिथे वर येतो. औषधाने तो दबतो, पण दाढ तशीच राहिली की पुन्हा भरतो. नऊ वर्षांत कुणी मला हे सांगितलं नव्हतं. कुत्री जेवत होती, म्हणून दुखत नसेल असं आम्ही धरून चाललो, याचं अजून वाईट वाटतं.

भुलीची मला फार भीती होती. आधी रक्त तपासलं, ईसीजी काढला. दाताचा एक्स-रे भूल दिल्यावरच नीट निघतो, तेव्हा रूट कॅनॉल की दाढ काढायची हे टेबलावरच ठरणार, असं आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पावणेबाराला फोन आला: मुळाभोवतीचं हाड झिजलंय, काढावी लागेल, काढू ना? मला विचारून काढली, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

पकडीने उपटणं नाही हे. जबडा बधिर करणारं इंजेक्शन वेगळं दिलं. हिरडी उचलून बाहेरचं हाड थोडं कोरलं, दाढेचे तीन तुकडे केले आणि एकेक मूळ सैल करून काढलं. मग पुन्हा एक्स-रे. दोन्ही फोटो त्यांनी मला शेजारी शेजारी ठेवून दाखवले, मुळाचा तुकडा आत राहिलेला नाही याची खात्री म्हणून. तुम्ही कुठेही गेलात तरी हा दुसरा फोटो मागून घ्या. टाके आपोआप विरघळणारे होते.

तक्रारी दोन. चारला घ्यायला या म्हणाले आणि चिंगी हातात आली साडेसहाला. मधल्या वेळात काउंटरवरून कुणी काही कळवलं नाही, माझा जीव टांगणीला. आणि अंदाज 14,000 चा दिला होता, बिल 17,200 झालं, कारण रक्त तपासणी त्यात धरलीच नव्हती. ते आधी लिहून द्यायला हवं.

घरी दोन आठवडे मऊ भात आणि कुस्करलेलं चिकन, दोरीची ओढाओढ बंद. आपली वेदनाशामक गोळी तिला चुकूनही द्यायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. ती आता जेवणार कशी, ही बाबांची काळजी. त्यांना सांगितलं, कुत्र्याला 42 दात असतात, एकाने अडत नाही. चौदाव्या दिवशी तपासलं तेव्हा हिरडी गुलाबी, सूज नाही.

नळी बंद झाली. जे अंगठ्याच्या नखाने दबत नाही ते तिला चघळायला द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. परवा दुकानात बाबा प्रत्येक खेळण्यात नख रुतवून बघत होते, आणि अर्ध्या तासाने एक रबरी चेंडू घेऊन बाहेर आले.