पितळी पाटीखाली काय होतं

जुनी वस्तू हातात आली की ती आधी कुणाची होती, हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. बडोद्यात इंग्रजी लेखनपेट्या विकल्या जाताहेत आणि पेटीबरोबर मालकाची गोष्टही विकली जाते. मी अशी एक पेटी ३८ हजारांना घेतली. पेटी खरोखर जुनी आहे. गोष्ट मात्र विक्रेत्याने रचलेली आहे, आणि ती रचताना त्याने जे नष्ट केलं त्याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

पेटी महोगनीची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. उघडली की दोन्ही फळ्या मिळून लिहायला उतार तयार होतो, वरच्या अंगाला काचेच्या दोन दौती आणि टाक ठेवायची खाच. कंपनी सरकारचे अधिकारी अशा पेट्या तंबूतंबूत फिरवत. कुणी वापरली यावर तिची किंमत ठरते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेफरसनने १७७६ साली अशाच एका छोट्या पेटीवर लिहिला आणि ती पेटी आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विक्रेत्याला हे गणित पक्कं ठाऊक होतं. शेजारीच ठेवलेल्या, तशाच पण बिननावाच्या पेटीचे त्याने १४ हजार सांगितले होते.

माझ्या पेटीच्या झाकणावर पितळी पाटी होती: ‘रेसिडेन्सी, बडोदा, १८१२’, इंग्रजी अक्षरांत. रेसिडेंटाने, म्हणजे गायकवाडांच्या दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीने, ही गायकवाडांच्या दिवाणाला भेट दिली, असं विक्रेत्याचं सांगणं. बडोद्यात रेसिडेन्सी १८०२ साली आली, तेव्हा ऐकायला सगळं जुळत होतं. बोलणं अस्सल मराठी, “ताई, आपल्या माणसाकडेच राहू दे म्हणून तुम्हाला दाखवतोय.” मग म्हणाला, “दौतीशेजारची ती पट्टी जरा वर ओढून बघा.” मी ओढली. स्प्रिंगची फळी सुटली, मागे चोरखण, आणि चोरखणात मोडी कागद. कागद त्याने माझ्या हातून शोधवून घेतला. आपल्या हाताने सापडलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेत नाही, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

घरी दुरुस्तीला घेतल्यावर पेटीच बोलायला लागली. आधी कुलूप. तेल लावून गंज काढला तसं त्यावर मुकुट आणि ‘व्ही. आर.’ ही अक्षरं दिसली. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ साली. कुलूप मागाहून बदललेलं असू शकतं, म्हणून त्याची खाच तपासली. खाच याच कुलपाच्या मापाची, आसपास दुसऱ्या कुठल्या कुलपाचा मागमूस नाही. म्हणजे पेटीच १८३७ नंतरची. कोपऱ्याचा एक स्क्रू काढला तर त्याला अणकुचीदार टोक. १८१२च्या स्क्रूचं टोक बोथट असतं.

मग पाटी उघडली. अशा पेट्यांवर पाटी लाकडात कोरून बसवलेली असते, बोट फिरवलं तर कड लागत नाही. ही वरून ठोकलेली होती. खाली ढालीच्या आकाराची एक जुनी खाच निघाली, लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरून बुजवलेली. पाण्याचा बोळा फिरवताच भराव पांढरा पडून मऊ झाला. फेविकॉल बाजारात आला १९५९ साली. त्या ढालीवर मूळ मालकाचं नाव असणार, निदान आद्याक्षरं तरी. कुणी बोटीचा कप्तान, कुणी मिशनरी डॉक्टर, कुणी घरी पत्रं लिहिणारी बाई. ते नाव उपटून फेकलं आणि वर दिवाण चढवला.

कागद माझ्या चुलत सासऱ्यांकडे नेला. ते मोडी सफाईने वाचतात. त्यांनी खिडकीशी धरून वाचला आणि म्हणाले, “सूनबाई, हा दिवाणाचा कागद नव्हे. प्रांत जुन्नरचं कर्जखत आहे. विहिरीसाठी पैसे घेतलेत, खाली बघ, निशाणी नांगर.” सही येत नसलेल्या कुणब्याने काढलेला नांगर, दीडएकशे वर्षं टिकलेला. कागदाच्या जुन्या घड्या उभ्या, धुळीने काळवंडलेल्या, आणि चोरखणात बसवायला घातलेली आडवी घडी कोरीकरकरीत. कुठल्या तरी घरच्या रुमालातून, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यातून, त्याच्या सोबतच्या कागदांपासून तोडून तो इथे आणला गेला. आता त्या घराण्याला तो सापडणार नाही, आणि ते घराणं मला सापडणार नाही. गाव वाचता येतं, म्हणून मी त्याची स्वच्छ प्रत काढून ठेवली आहे.

विक्रेत्याने सुचवलेल्या पॉलिशवाल्याकडे झाकण दिलं होतं, तेही सांगते. पैसे घेतले चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, हातपॉलिशचे. आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा घासून पाहिला. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. हे ढिम्म हललं नाही, मेलामाइन या कृत्रिम पॉलिशचा फवारा होता. तो काढायचा तर लाकडाचा जुना रंगही घासला जातो. झाकण तसंच ठेवलं आहे.

दुकानात परत गेले तेव्हा विक्रेता म्हणाला, “मला जे सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं.” बिलावर फक्त ‘जुनी लाकडी पेटी, १ नग’. सन लिहायला मी सांगितलं होतं, त्याने टाळलं होतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायला १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो दाखवा म्हटल्यावर त्याचा आवाज चढला. पण ‘१८१२’ आणि ‘दिवाण’ हे दोन्ही शब्द त्याने व्हॉट्सॲपवर स्वतः टाइप केलेले आहेत. ते, कुलपाचे आणि बुजवलेल्या खाचेचे फोटो, मोडीचं लिप्यंतर, सगळं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. आधी विचारपूस करायची तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे.

त्याच भेटीत मागच्या मांडणीवर ती १४ हजारांची पेटी दिसली. आता तिच्या झाकणावर पाटी आहे, त्याच हाताची, ‘बडोदा’मधला ‘डी’ तसाच डावीकडे कललेला. तिचं साल १८०९. ती कुणाला दाखवली जात असेल, तर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच पाटीचे खिळे काढायला लावा आणि कुलपावरचा गंज पुसून बघा. चोरखणात कागद असेलच, तो मोडी जाणणाऱ्याला वाचायला द्या. विक्रेता यातल्या कशालाही नाही म्हणाला, तर पेटी तिथेच ठेवून निघा.